ओला टॉवेल आणि दोन आठवड्यांची मुदत

वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळायची वेळ आली की ड्रम लगेच सुसाट सुटत नाही; आधी तो सावकाश फिरतो, थबकतो, उलटा फिरतो आणि मग वेग घेतो. पाव मीटर त्रिज्येचा ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असताना अर्धा किलोचा ओला टॉवेल एकाच बाजूला चिकटून बसला, तर त्याचा ओढा जवळजवळ २०० किलो वजनाइतका होतो. मोटारीच्या वेगातले बारीक चढउतार टिपून हा असमतोल ओळखायचा आणि कपडे पुन्हा पसरवायचे, हे काम सॉफ्टवेअर करते. उरलेला हिसका काँक्रीटचे वजन, स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर सोसतात. यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि सॉफ्टवेअर ज्यांत एकमेकांत गुंतलेली असतात, अशा वस्तूंना मेकॅट्रॉनिक म्हणतात. हा शब्द जपानच्या यास्कावा कंपनीतील अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९ मध्ये घडवला.

अशा वस्तूच्या तिन्ही अंगांचा वेग मात्र जुळत नाही. प्रोग्रॅममधला बदल एका दुपारी होतो, सर्किट बोर्ड हाती यायला काही आठवडे लागतात, तर ड्रमभोवतीच्या प्लास्टिकच्या टबाचा साचा महिन्यांचे काम असते. त्यामुळे एक ते चार आठवड्यांच्या ‘स्प्रिंट’मध्ये चालती वस्तू दाखवायची आणि त्यावरून पुढचा बेत बदलायचा, ही अ‍ॅजाइल पद्धत यंत्रांना मानवणार नाही, असे पुष्कळांना वाटते. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात तिचा जाहीरनामा लिहिणारे १७ जण सॉफ्टवेअरवालेच होते, हे खरे. पण अ‍ॅजाइलच्या ‘स्क्रम’ या प्रकाराला जिच्यावरून नाव मिळाले, ती रग्बीतल्या ‘स्क्रम’ची (खेळाडूंनी एकमेकांत गुंतून रेटा देण्याची) उपमा उत्पादन विकासाला लावणाऱ्या ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांच्या १९८६ च्या लेखातली उदाहरणे होंडाची मोटार, कॅननचा कॅमेरा, फुजी-झेरॉक्सचा कॉपियर अशी होती, हे, गंमत म्हणजे, विसरले जाते.

दोन आठवड्यांत यंत्र तयार होत नसले, तरी त्याविषयीच्या एखाद्या प्रश्नाचे उत्तर नक्की मिळू शकते. असमतोल किती वेगाला ओळखायचा, हे ठरवण्यासाठी नवा साचा लागत नाही. जुन्या मशीनच्या ड्रममध्ये ठरावीक वजने बांधून नवी मोटार जोडली तरी पुरते. पुढच्या फेरीत खरा कंट्रोल बोर्ड टेबलावर ठेवून त्याला संगणकातल्या गणिती ड्रमशी जोडतात. बोर्डाला वाटते समोर खराच ड्रम फिरतो आहे; मग पाणी न सांडता आणि काही न मोडता शंभर प्रकारचे बिघाड त्याच्यापुढे उभे करता येतात. हे न करता अ‍ॅजाइलच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी पंधरा मिनिटे उभ्याने बैठक घेणे म्हणजे माझ्या मते नुसते कर्मकांड आहे. दरवाजाच्या कुलपासारख्या सुरक्षेच्या भागाच्या चाचण्या व नोंदी मात्र प्रत्येक बदलागणिक कराव्याच लागतात. तिथे सवलत नाही.

साच्याचा निर्णयही एकदम घ्यावा लागत नाही. साच्यातले पोलाद आणखी कापता येते, पण कापलेल्या जागी ते पुन्हा भरणे जिकिरीचे असते. म्हणून साचे घडवणाऱ्या टूलरूममधले लोक शंकेच्या जागी पोलाद मुद्दाम जास्त ठेवतात. टबाच्या पाठीवरच्या रिब, म्हणजे बळकटीसाठीच्या उभ्या पट्ट्या, त्यामुळे पहिल्या नगांत थोड्या बारीक येतात, आणि टॉवेलच्या चाचणीत त्या कमी पडल्या, तर साच्यातली तेवढीच खाच रुंद करून नवा नग काढता येतो.