बॅरिअॅट्रिक सर्जरीनंतर भूक आणि पोट भरल्याची जाणीव

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर भूक लागणं आणि पोट भरणं या दोन्ही जाणिवा बदलतात, काही जणांच्या बाबतीत तर इतक्या की त्या नव्याने ओळखायला शिकावं लागतं, आणि हे शिकवणं आता ऑपरेशननंतरच्या देखभालीचाच भाग मानलं जातं. या नोंदीत मुख्यतः स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करणं) आणि रू-एन-वाय गॅस्ट्रिक बायपास (जठराचा वरचा छोटा कप्पा, म्हणजे पाउच, वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडणं) यांचा विचार केलाय, कारण सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेली ऑपरेशन्स हीच. गॅस्ट्रिक बँडबद्दल शेवटी थोडं आहे.

भूक जठरात असते की मेंदूत, हा वाद या ऑपरेशन्सपेक्षा जुना आहे. १९१२ मध्ये कॅनन आणि वॉशबर्न यांनी जठराच्या आकुंचनांचा आणि भुकेच्या कळांचा संबंध दाखवला, त्यासाठी वॉशबर्न यांनी स्वतः रबरी फुगा गिळला आणि भूक जाणवली की बटण दाबायचं असा तो प्रयोग होता. त्यानंतर बरीच वर्षं रिकामं जठर म्हणजेच भूक असं धरलं जायचं. पण १९३१ मध्ये वँगेनस्टीन आणि कार्लसन यांनी असा पेशंट नोंदवला की ज्याचं पूर्ण जठर काढलेलं होतं आणि तरीही त्याला भूक लागायची. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेसन आणि इटो यांनी गॅस्ट्रिक बायपास आणला तेव्हाही मांडणी साधीच होती, जठर लहान केलं की माणूस कमी खातो आणि आतड्याचा काही भाग टाळला की अन्न कमी शोषलं जातं. ही मांडणी पूर्ण चुकीची नाही, पण भूक का जाते हे तिच्यातून कळत नाही, कारण नुसतं जठर लहान झालं असतं तर माणूस चार घासांत थांबला असता आणि तासाभरात पुन्हा भुकेला झाला असता. प्रत्यक्षात सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याच जणांना जेवणाची आठवणही राहत नाही.

इथे घ्रेलिनचा मुद्दा येतो आणि त्यावर मतभेद बरेच आहेत. हे हार्मोन १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा, कांगावा आणि सहकाऱ्यांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात, म्हणजे फंडसमध्ये तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि जेवल्यावर उतरतं. २००२ मध्ये कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डाएट करून वजन उतरवलेल्यांमध्ये दिवसभराचं घ्रेलिन सुमारे २४ टक्के वाढलं होतं, म्हणजे शरीर उलट जास्त भूक मागत होतं, तर बायपास झालेल्यांमध्ये ते सामान्य वजनाच्या लोकांपेक्षा सुमारे ७७ टक्के कमी होतं आणि जेवणाआधीची चढण जवळजवळ सपाट झालेली होती. हा निकाल खूप गाजला, पण त्यातले बायपासचे पेशंट फक्त ५ होते हे उद्धृत करताना बरेचदा गळून जातं. पुढच्या अभ्यासांमध्ये बायपासनंतर घ्रेलिन कुठे कमी, कुठे तेवढंच, तर कुठे वाढलेलं सापडलं. याची कारणं वेगवेगळी दिली जातात: पाउच बनवताना फंडसचा किती भाग आत राहिला, जठर आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नर्व्हच्या फांद्या कापल्या गेल्या का, ऑपरेशनला किती महिने झाले, आणि मोजलं नेमकं काय, एकूण घ्रेलिन की त्याचं सक्रिय रूप. सक्रिय रूप रक्ताच्या नमुन्यात पटकन मोडतं, म्हणून नमुना कसा हाताळला यावरही आकडा बदलतो, आणि मला वाटतं विसंगतीचा बराच भाग इथेच असावा. स्लीव्हच्या बाबतीत चित्र जास्त एकसारखं आहे, कारण त्यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग फंडससकट काढून टाकतात आणि घ्रेलिन बहुतेक सगळ्या अभ्यासांत घटलेलंच दिसतं. तरीही २०१३ मध्ये घ्रेलिन मुळातच नसलेल्या उंदरांवर स्लीव्ह केलं तेव्हा त्यांचंही वजन इतर उंदरांसारखंच उतरलं, त्यामुळे सगळं श्रेय घ्रेलिनला देणं आता कठीण आहे.

पोट भरल्याच्या बाजूने पीवायवाय आणि जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोन्सकडे जास्त कल दिसतो. बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं आणि जेवणानंतर ही दोन्ही हार्मोन्स नेहमीपेक्षा बरीच जास्त चढतात. २००७ मध्ये ले रू आणि सहकाऱ्यांनी ऑक्ट्रिओटाइड हे औषध देऊन हार्मोन्सचा हा प्रतिसाद दाबला तेव्हा बायपासवाल्यांचं खाणं वाढलं आणि बँडवाल्यांचं वाढलं नाही. पुरावा चांगला आहे, फक्त ऑक्ट्रिओटाइड एकाच वेळी अनेक हार्मोन्स दाबतं, त्यामुळे नेमकं कोणतं जबाबदार हे त्यावरून ठरत नाही. आज बहुतेकांचा कल एकच एक कारण न मानण्याकडे आहे आणि ते योग्यच वाटतं.

अन्न लहान पाउचमध्ये तासन्‌तास बसून राहतं म्हणून पोट भरलेलं वाटतं, ही समजूत अजूनही सर्रास सांगितली जाते, पण ती टिकत नाही. बायपासचा पाउच साधारण १५ ते ३० मिली एवढाच असतो आणि तो पटकन रिकामा होतो, स्लीव्हही मूळ जठरापेक्षा लवकर रिकामी होते. २०१० च्या एका अभ्यासात पाउचच्या पुढे जोडलेल्या आतड्यात फुगा फुगवून दाब मोजला, तर ज्यांच्यात दाब जास्त चढला ते एका वेळी कमी जेवत होते. म्हणजे बायपासमध्ये पोट भरल्याचा संदेश बऱ्याच अंशी आतड्याच्या त्या पहिल्या भागातून येत असावा.

पेशंटला हे कसं जाणवतं? जुनी सवय असते खालचं पोट जड होण्याची, कमरेचा पट्टा घट्ट वाटण्याची, आणि ते आता बहुधा येतच नाही, त्याची वाट बघत बसलं तर खाणं नक्कीच जास्त होतं. नवी जाणीव वर येते, छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी किंवा बरगड्यांच्या मधोमध, हलका दाब किंवा अडकल्यासारखं. बऱ्याच जणांना त्याच्याही आधी खूण मिळते: अचानक नाक गळायला लागतं, उचकी किंवा शिंक येते, नकळत एक लांब श्वास सुटतो, लहानशी ढेकर येते, किंवा मघापर्यंत चांगला लागणारा घास एकदम नकोसा होतो. खूण प्रत्येकाची वेगळी पण त्या त्या माणसापुरती बरीच ठरलेली असते, आणि ती एकदा सापडली की तिथे चमचा खाली ठेवायचा. त्यापुढे दोन घास गेले की दुखणं, मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, फेसाळ चिकट लाळ वर येणं आणि शेवटी उलटी. अडचण अशी की खूण उशिरा पोचते, घास गिळल्यापासून संदेश कळेपर्यंत काही मिनिटं जातात आणि तेवढ्यात भरभर खाणारा माणूस मर्यादा ओलांडून गेलेला असतो. म्हणून छोटा घास, खूप चावणं, दोन घासांमध्ये थांबणं आणि एका जेवणाला २० ते ३० मिनिटं असं सांगितलं जातं, तसंच जेवताना आणि त्यानंतर साधारण अर्धा तास पाणी पिऊ नये असंही, जरी या पाण्याच्या नियमामागचा पुरावा बाकीच्यांपेक्षा कमजोर आहे. अन्नाचा पोतही महत्त्वाचा, घट्ट प्रोटीनवर खूण स्पष्ट येते, पातळ किंवा तोंडात विरघळणाऱ्या गोड, तेलकट पदार्थांवर ती नीट येतच नाही आणि माणूस बरंच खाऊन जातो.

भुकेची ओळख त्याहून अवघड आहे, कारण भुकेसारख्या वाटणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. तहान ही त्यातली सगळ्यात सामान्य. दुसरी ॲसिडची जळजळ, विशेषतः स्लीव्हनंतर, कुरतडल्यासारखं वाटतं, खाल्लं की क्षणभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच, ते औषधाने थांबलं तर ती भूक नव्हती असं समजावं. बायपासनंतर अशीच कुरतड पाउच आणि आतडं यांच्या जोडाजवळच्या अल्सरचीही असू शकते. तिसरी रक्तातली साखर उतरणं: जेवणानंतर १ ते ३ तासांनी थरथर, घाम, धडधड आणि अनावर भूक, याला लेट डंपिंग म्हणतात, आणि ते बायपासनंतर जास्त करून वर्षभराने दिसू लागतं. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर बघणं हाच खात्री करण्याचा खरा मार्ग, आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. राहिली मनाची भूक, कंटाळा, ताण, ठरलेल्या वेळी ठरलेल्या खुर्चीत बसल्यावर होणारी इच्छा. ती अचानक येते आणि तिला एक ठराविक पदार्थच हवा असतो, खरी भूक हळूहळू वाढते आणि तिला काहीही चालतं. ऑपरेशन जठराचं होतं, या इच्छेवर त्याचा परिणाम होतो पण कमी-जास्त, आणि ती उरली म्हणून पेशंट कमी पडला असं कोणी म्हणू नये.

सुरुवातीला भूक नसणं सुखद वाटतं पण यात खरा धोका आहे. भूक नाही म्हणून खाल्लं नाही, तहान कळली नाही म्हणून प्यायलं नाही, असं झालं की अशक्तपणा, डिहायड्रेशन आणि स्नायू झिजणं सुरू होतं. या काळात भुकेवर नाही तर घड्याळावर खायचं असतं, दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रोटीन आणि साधारण दीड लिटर द्रव हे नेहमी सांगितलं जाणारं प्रमाण. उलट्या चालूच राहिल्या तर ‘जास्त खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नये, शरीरातला थायमिनचा (व्हिटॅमिन बी१) साठा काही आठवड्यांतच संपतो आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

भूक परत येते, बहुतेकांची पहिल्या वर्षभरात किंवा त्यानंतर काही महिन्यांत, आणि ऑपरेशन फेल गेलं असं वाटून लोक घाबरतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधल्या एसओएस (स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स) अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं सरासरी वजन २ वर्षांनी २३ टक्के कमी होतं आणि २० वर्षांनी १८ टक्के, म्हणजे थोडं परत चढलं पण बरंचसं टिकलं. भूक परतणं हा बरं होण्याचाच भाग आहे असं पेशंटला ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं.

भूक आणि पोट भरणं मोजण्यासाठी संशोधनात १०० मिलिमीटरच्या रेषेवर खूण करायला लावतात, दवाखान्यात १ ते १० अशी सोपी पट्टी वापरतात. ऑपरेशनआधीचे ४ आणि नंतरचे ४ एकाच अनुभवाचे असतीलच असं नाही, त्यामुळे आधी-नंतरची तुलना जपून वाचावी.

गॅस्ट्रिक बँडमध्ये जठर कापत नाहीत, वरच्या भागाला फुगवता येणारी पट्टी बसवतात आणि त्या दाबाने व्हेगसमार्फत भूक शमते असं मानतात. पट्टी योग्य घट्ट असेल तर दोन जेवणांच्या मधली भूक कमी होते, फार घट्ट असेल तर भूक तशीच राहून घास मात्र अडकतो. बँडचा वापर आता खूप कमी झालाय.