कॅनीनंतर हॅनिबल रोमवर का गेला नाही?

कॅनी ही दक्षिण इटलीतली लढाई; तिथं कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या सत्तेचा सेनापती हॅनिबल यानं रोमची फौज संपवली. आजच्या लष्करी महाविद्यालयांत कॅनी शिकवली जाते, तिच्यामागे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं जर्मन सेनानियोजन आहे. निवृत्त झालेल्या एका सेनाप्रमुखानं या लढाईवर प्रदीर्घ लेखन केलं आणि दुहेरी कोंडी, म्हणजे शत्रूला दोन्ही बाजूंनी घेरणं, हा पुढच्या पिढीचा ध्यासच झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये टॅनेनबर्गला रशियाची एक अख्खी फौज अशीच कोंडली गेली. तरी पश्चिमेकडे खंदकांत युद्ध आणखी चार वर्षं चाललं. कॅनीतून आकृती तेवढी उचलली गेली; लढाईनंतर काय झालं, याकडे पुरेसं कोणी पाहिलं नाही.

इ. स. पू. २१६ मधल्या त्या दिवशी हॅनिबलच्या सुमारे ५० हजार सैनिकांनी ८० हजारांहून मोठी रोमन फौज कशी संपवली, ते सर्वज्ञात आहे. खरा वाद पुढचा. घोडदळाच्या सरदारानं तडक रोमवर चालून जाण्याचा आग्रह धरला आणि हॅनिबलनं तो मानला नाही. तुला जिंकता येतं, विजय वापरता येत नाही, असं त्या सरदारानं सुनावल्याची जी आवृत्ती सगळे सांगतात, ती सुमारे दोनशे वर्षांनंतरची आहे.

मला हॅनिबलचा निर्णय बरोबर वाटतो. रोम तिथून सुमारे ४०० किलोमीटरवर होतं, भोवती भक्कम तट होता. त्याआधी स्पेनमधलं सॅगुंटम हे त्याहून कितीतरी लहान शहर घ्यायला त्याला आठ महिने लागले होते. शिवाय रोम जमीनदोस्त करणं हा त्याचा हेतूच दिसत नाही. रोमच्या दोस्त शहरांचे कैदी तो खंडणी न घेता सोडत होता. पुढच्या वर्षी ग्रीसच्या उत्तरेकडच्या मॅसिडोनिया या राज्याशी केलेल्या तहातही युद्धानंतर रोम शिल्लक राहील, हे गृहीत धरलेलं आहे. दोस्त फोडायचे आणि रोमला तहाला बसवायचं, हा त्याचा डाव होता.

चूक झाली ती अंदाजात. दक्षिण इटलीतलं कापुआ शहर त्याला येऊन मिळालं, पण मध्य इटलीतली लॅटिन शहरं हलली नाहीत. रोमनं त्याच्या दूताला शहरात येऊ दिलं नाही, स्वतःच्या कैद्यांची खंडणी नाकारली, उलट ८ हजार गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली. शेवटी इ. स. पू. २११ मध्ये तो रोमच्या तटापर्यंत गेला, तेही रोमनांनी कापुआला घातलेला वेढा उठावा म्हणून. वेढा उठला नाही, आणि त्याच वर्षी कापुआ पडलं.