‘सॅफिक रोमान्स’ मागण्याआधी एवढं वाचा
(आमच्या वाचक-ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आठवड्यातून चार-पाच जणी तरी दुकानात येतात, गर्दी ओसरेपर्यंत दिवाळी अंक चाळत थांबतात आणि मग हळूच विचारतात, “मॅडम, मुली-मुलींच्या प्रेमाचं काय आहे का वो?” आहे. इंग्रजीत तर भरपूर आहे, आणि ते हळू आवाजात विचारायची काही गरज नाही. फक्त कुठलं पुस्तक द्यायचं हे एवढ्यावरून ठरत नाही, आणि संध्याकाळी काउंटरवर सगळं समजावून सांगायला वेळ पुरत नाही. म्हणून हे पत्रक. घरी न्या, वाचा, मग या.

‘सॅफिक’ हा शब्द सॅफो या प्राचीन ग्रीक कवयित्रीवरून आला आणि ‘लेस्बियन’ तिच्या लेस्बॉस बेटावरून, हे तुमच्यापैकी बहुतेकींना ठाऊक असतं. पण ‘सॅफिक’ हा शब्द गोष्टीत बाई बाईवर प्रेम करते एवढंच सांगतो, पुस्तक कसलं आहे ते सांगत नाही. ड्रॅगनची लढाई, व्हिक्टोरियन लंडनमधले चोर, न्यूयॉर्कची लोकल, सगळं त्यात येतं. ‘मराठी पुस्तक द्या’ म्हटल्यावर मी पाककृतींचं द्यायचं की ज्ञानेश्वरी?

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवटावरून. दोन बायकांची प्रेमकथा आणि ‘रोमान्स’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकांच्या धंद्यात रोमान्स म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो. मधे काहीही होवो, शेवटी त्या दोघी एकत्र असणार. साहित्यिक कादंबरी असा शब्द देत नाही. हा फरक न सांगता ऑर्डर दिली की नको ते पुस्तक गळ्यात पडतं, वेळ जातो आणि मनस्ताप होतो तो वेगळाच.

दोन वर्षांपूर्वी एका ताईंनी ‘जुन्या काळातली, गाजलेली’ एवढंच सांगून कादंबरी मागवायला लावली. मी रॅडक्लिफ हॉलची ‘द वेल ऑफ लोनलीनेस’ आणून दिली. १९२८ ची, आणि इंग्लंडमध्ये त्याच वर्षी कोर्टानं अश्लील ठरवून तिच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या होत्या. म्हणजे जुनीही, गाजलेलीही. पंधरा दिवसांनी ताई आल्या, पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. आमचं खाकी कव्हर तसंच होतं. शेवटची वीसेक पानं राहिली होती, तिथं एसटीचं तिकीट खोचलेलं. “पुढं काय होणार ते कळलं. वाचवेना,” म्हणाल्या. त्यात नायिका आपल्या प्रेयसीला स्वतःहून दूर लोटते, तिचं भलं व्हावं म्हणून. पुस्तक मोठं आहे, पण त्या ताईंना त्या दिवसांत ते नको होतं. मी विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. तेव्हापासून आम्ही प्रत्येकीला विचारतो. कुणाला ती चौकशी वाटते, पण आमचा हेतू एवढाच असतो.

शेवट दुःखाचे का असायचे, त्यालाही कारण आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत अशा विषयावरच्या स्वस्त पेपरबॅक धडाधड खपत, पण पुस्तकं टपालानं जायची आणि टपाल खातं अश्लील म्हणून अडवेल ही धास्ती होती. म्हणून प्रकाशक लेखिकेलाच बजावत की नायिका सुखी होता कामा नयेत. त्याच काळात, १९५२ मध्ये, पॅट्रिशिया हायस्मिथनं टोपणनावानं ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ लिहिली आणि शेवटी आशा ठेवली. आज त्यात नवल वाटणार नाही, तेव्हा होतं.

याच पुस्तकावरून दुसरी अडचण सांगते. ते नंतर लेखिकेच्या खऱ्या नावानं आणि ‘कॅरोल’ या शीर्षकानं आलं, २०१५ चा सिनेमाही त्याच नावाचा. आमच्या एका ग्राहक मुलीनं दोन्ही नावांनी दोन प्रती मागवल्या आणि दोन्ही घरी गेल्यावर कळलं की पुस्तक एकच. म्हणून रीलमधल्या मुखपृष्ठाचा अर्धा कापलेला फोटो दाखवू नका. इंग्लंडची आवृत्ती, अमेरिकेची आवृत्ती, सिनेमानंतरची आवृत्ती, सगळ्यांची मुखपृष्ठं वेगळी असतात. शीर्षक आणि लेखिकेचं नाव, दोन्ही लिहून आणा.

आता थोडं प्रकारांबद्दल.

ऐतिहासिक हवं असेल तर सारा वॉटर्सपासून सुरुवात करा, असं मी डोळे झाकून सांगते. व्हिक्टोरियन काळावरच्या तिच्या तीन कादंबऱ्या आहेत: ‘टिपिंग द व्हेल्व्हेट’ (१९९८), ‘अफिनिटी’ (१९९९) आणि ‘फिंगरस्मिथ’ (२००२). लेखिका एकच, काळ एकच, पण ‘अफिनिटी’ काळीज चिरते आणि बाकीच्या दोन्ही तसं करत नाहीत. बघा, नुसतं लेखिकेचं नाव सांगूनही भागत नाही. ‘फिंगरस्मिथ’ म्हणजे खिसेकापू. रहस्यकथा आवडणाऱ्यांनी तीच घ्यावी. निम्म्यावर गोष्ट अशी उलटते की मी स्वतः मागं जाऊन पहिली पन्नास पानं पुन्हा वाचली. चोरांच्या बोलीमुळं इंग्रजी जरा अडतं, पण चिकाटी सोडू नका.

फँटसी वाचणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाच पुस्तकात सगळं संपायला हवं असेल तर सामंथा शॅननची ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’ (२०१९). ड्रॅगन, राणी आणि तिच्या रक्षणासाठी वेष बदलून आलेली स्त्री, आठशेच्या आसपास पानं. उशाशी ठेवून वाचायचं, पर्समध्ये मावत नाही. आपल्याकडच्या मातीचा वास हवा असेल तर ताशा सुरीची ‘द जॅस्मिन थ्रोन’ (२०२१). कैदेत टाकलेली राजकन्या आणि तिच्या सेवेतली दासी. भारताच्या इतिहासातून आणि महाकाव्यांतून घडवलेलं जग आहे, त्यामुळं नावं परकी वाटत नाहीत. पण हा तीन भागांतला पहिला भाग आहे. पुढं ‘द ओलिअँडर सोर्ड’ (२०२२) आणि ‘द लोटस एम्पायर’ (२०२४). पहिलाच वाचून “शेवटच नाही” म्हणून परत आणू नका, दुसरा कपाटात आहे.

सायन्स फिक्शनमध्ये ‘धिस इज हाऊ यू लूज द टाइम वॉर’. विरुद्ध पक्षांतल्या दोघी हेर एकमेकींना पत्रं लिहितात, एवढंच. पुस्तक लहान, पण वाक्यं दाट आहेत. घाईत वाचायचं नाही. भुताखेताची आवड असेल तर ‘कार्मिला’, १८७२ ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची. ती इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर मिळते, विकत घ्यायलाच हवी असं नाही.

आजच्या काळातलं, हलकंफुलकं, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून संपवता येईल असं मागणाऱ्या सगळ्यात जास्त. त्यांना ‘वन लास्ट स्टॉप’ (२०२१). न्यूयॉर्कच्या लोकलमध्ये रोज दिसणारी मुलगी प्रत्यक्षात १९७० च्या दशकातली आहे आणि त्या गाडीत अडकली आहे. किंवा ‘रिटन इन द स्टार्स’ (२०२०), पत्रिका-ग्रह मानणारी एक आणि विम्याचा हिशोब मांडणारी दुसरी. ही दोन्ही मोठ्यांसाठीची आहेत. अठराच्या आतल्या वाचकांना आम्ही ‘द हेना वॉर्स’ किंवा ‘लास्ट नाइट अॅट द टेलिग्राफ क्लब’ देतो. पहिलीत मेंदीच्या स्टॉलवरून स्पर्धा आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना तिचं इंग्रजी सोपं जातं. दुसरी १९५४ च्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या चिनी वस्तीतली. वय विचारलं की काही जणी रागावतात. तरी आम्ही विचारणार.

मराठीत? खरं सांगायचं तर असा सुखान्त रोमान्स मराठीत माझ्या कपाटात आजवर आलेला नाही. विचारणारीला मी विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ देते. १९८१ मध्ये रंगमंचावर आलेलं हे नाटक वाचायलाच हवं, पण शेवट सोसवणारा नाही, हे आधी सांगून. ‘कोबाल्ट ब्लू’ बऱ्याच जणी मागतात. ती सुंदर आहे, पण ती भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडण्याची गोष्ट आहे. उर्दू वाचणाऱ्या मैत्रिणींनी इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ (१९४२) वाचली नसेल तर आधी ती वाचावी.

“या पुस्तकांचं वेगळं कपाट का नाही?” हेही नेहमी विचारलं जातं. मुद्दामच नाही. सोलापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात. वेगळ्या कपाटापुढं उभं राहिलेलं शेजारच्या काकूंनी पाहिलं, तर मुलगी पुन्हा दुकानात येत नाही. म्हणून ड्रॅगन ड्रॅगनजवळ, रहस्य रहस्याजवळ. खूण म्हणून मागच्या कव्हरच्या आत, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं एक शब्द असतो: ‘गोड’, ‘आंबटगोड’ किंवा ‘कडू’. तो शेवटाबद्दल. शेजारचा आकडा एक ते तीन, शेंगा चटणीच्या तिखटासारखा. तो शयनगृहातल्या प्रसंगांबद्दल. शेवट आधी कळायला नको असेल तर कोपरा बघू नका. पुस्तक विकत घेतलंत तर आम्ही खूण खोडून देतो.

मागवून आणलेलं पुस्तक परत घेत नाही, निम्मी रक्कम आगाऊ लागते. आम्हाला ते परत पाठवता येत नाही, म्हणून हा नियम. खात्री नसेल तर आधी भाड्यानं न्या. आवडलं आणि ठेवून घ्यायचं ठरलं तर भाडं किमतीतून वजा करतो. खाकी कव्हर फुकट घालून मिळतं, आणि कुणी काय नेलं हे आम्ही कुणालाच सांगत नाही, घरच्यांनी विचारलं तरी नाही.

येताना चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: प्रकार, शेवट कसा हवा, तिखट किती चालेल, आणि याआधी आवडलेलं एक तरी पुस्तक, मग ते कुठल्याही विषयाचं असो. बोलायचं नसेल तर नुसती चिठ्ठी काउंटरवर ठेवा, मी पुस्तकं काढून देते. गड्ड्याच्या यात्रेत गर्दीमुळं पार्सलं उशिरा येतात. जानेवारीसाठी हवं असेल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवा.