क्लेमेंट, जॅक

(५ एप्रिल १९३१ – ८ ऑगस्ट २०१३). अमेरिकन कंट्री (ग्रामीण लोकसंगीतातून घडलेला गीतप्रकार) व पॉप गीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रिका-निर्माते. संगीतक्षेत्रात ते ‘काउबॉय’ याच नावाने ओळखले जात. जन्म टेनेसी राज्यातील मेम्फिसजवळच्या व्हाइटहेवनचा. तरुणपणी काही काळ ते मरीन दलात होते.

१९५६ मध्ये ते मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीमध्ये ध्वनिमुद्रक म्हणून लागले. फिलिप्स गावाला गेले असताना एक अनोळखी पियानोवादक तरुण नशीब आजमावायला आला. क्लेमेंट यांनी त्याला बसवून त्याची टेप केली आणि मालक परतल्यावर ती ऐकवली. तो तरुण म्हणजे पुढे गाजलेला रॉक अँड रोल गायक जेरी ली लुईस. त्याच वर्षी ४ डिसेंबरला लुईस, एल्व्हिस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स आणि जॉनी कॅश तिथे सहज जमून गाऊ लागले, तेव्हाही टेपयंत्र क्लेमेंट यांच्याच हाती होते.

१९५८ मध्ये कॅश यांनी क्लेमेंट यांनी लिहिलेली ‘बॅलड ऑफ अ टीनएज क्वीन’ आणि ‘गेस थिंग्ज हॅपन दॅट वे’ ही गाणी गायली. दोन्ही कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, पॉप यादीतही वर चढली. कॅश यांच्या मोजक्या साथीच्या गाण्यात कोरस आला तो इथे. १९५९ मध्ये क्लेमेंट यांची सनची नोकरी सुटली. पुढे नॅशव्हिल, मग टेक्सासमधील बोमाँट. कॅश यांना मात्र त्यांचा कान हवाच होता. १९६३ च्या ‘रिंग ऑफ फायर’साठी त्यांनी क्लेमेंट यांना बोलावून घेतले. त्या गाण्यातले मेक्सिकन वळणाचे ट्रम्पेट क्लेमेंट यांनी बसवले. निर्माते म्हणून नाव लागले ते इतरांचे.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम चार्ली प्राइड यांच्याबाबतीतले मानावे लागेल. १९६५ मध्ये, कंट्री संगीताच्या धंद्यात कृष्णवर्णीय गायकाला फारसे कुणी दारात उभे करत नव्हते तेव्हा, त्यांनी पदरचे पैसे घालून प्राइड यांची गाणी मुद्रित केली. ती ऐकून आरसीए या ध्वनिमुद्रिका-कंपनीचे चेट अ‍ॅटकिन्स यांनी प्राइड यांना करारबद्ध केले. सुरुवातीच्या तबकड्यांसोबत गायकाचे छायाचित्र पाठवले गेले नाही. लोकांनी आधी आवाज ऐकला. प्राइड यांचे पहिले गाजलेले गाणे, ‘जस्ट बिटवीन यू अँड मी’, क्लेमेंट यांनीच लिहिलेले होते, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांचे निर्मातेही तेच राहिले.

१९७० च्या दशकात त्यांच्या जेएमआय या कंपनीने डॉन विल्यम्स यांना एकल गायक म्हणून पुढे आणले. वेलन जेनिंग्ज यांच्या ‘ड्रीमिंग माय ड्रीम्स’ (१९७५) या अल्बमची निर्मितीही त्यांनी जेनिंग्ज यांच्यासह केली. वाद्ये कमी, आवाज जवळचा आणि शब्द स्वच्छ. गाणे लिहिणारा माणूस टेपयंत्रापाशी बसला की काय होते, ते इथे नीट ऐकू येते. स्वतःच्या गायनाचा पहिला अल्बम मात्र त्यांनी १९७८ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिशीत काढला.

एप्रिल २०१३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम या सन्मानासाठी त्यांची निवड जाहीर झाली. समारंभ ऑक्टोबरमध्ये झाला. त्यापूर्वीच नॅशव्हिल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले होते.