चेहऱ्याचे किंवा जबड्याचे हाड मोडल्यास : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

आमच्या इंदूरच्या चिकित्सालयात चेहऱ्याच्या व जबड्याच्या अस्थिभंगासाठी येणाऱ्या रुग्णांना आजवर हिंदीतील माहितीपत्रक देण्यात येत असे. रामबाग, नारायणबाग आणि राजवाड्याच्या परिसरातून येणाऱ्या मराठी कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळींनी ते मराठीतही असावे असे सुचवल्यावरून हे पत्रक तयार केले आहे. रुग्णाची शुश्रूषा ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते अवश्य वाचावे, कारण पहिले काही दिवस रुग्णाला नीट बोलता येत नाही आणि डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचे काम त्यांच्यावरच येते.

अपघातानंतरचे पहिले तास

चेहऱ्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत हाडाचा विचार नंतर करायचा असतो. आधी श्वास पाहायचा असतो. खालचा जबडा हनुवटीजवळ दोन्ही बाजूंनी मोडला, तर जिभेला पुढून मिळणारा आधार जातो, आणि अशा माणसाला उताणे झोपवल्यास जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णाला पुढे वाकून बसू द्यावे, तोंडातील रक्त व लाळ बाहेर गळू द्यावी आणि ती गिळायला लावू नये. रुग्ण बेशुद्ध असेल तर मानेला हिसका बसणार नाही अशा बेताने त्याला कुशीवर वळवावे. तोंडाला घट्ट पट्टी बांधण्याची घाई करू नये, कारण उलटी झाल्यास ती पट्टीच घातक ठरते.

दात मुळासकट निखळून पडला असेल तर तो शोधावा. मुळाला हात न लावता, चावण्याच्या भागाकडून धरून तो दुधात बुडवून आणावा. अर्ध्या ते एका तासात तो परत बसवता आला, तर टिकण्याची शक्यता चांगली असते. दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत. दात किंवा कवळीचा तुकडा सापडलाच नाही, तर तसे डॉक्टरांना सांगावे. तो श्वासनळीत गेला नसल्याची खात्री छातीच्या एक्स-रेने करावी लागते.

काही लक्षणे दिसल्यास आमच्याकडे न येता थेट महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या, मेंदूच्या व डोळ्यांच्या इजांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे. शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा पातळ द्राव येणे, दृष्टी अंधुक होणे ही ती लक्षणे होत. नाकातून येणारे ते पाणी सर्दीचे नसून मेंदूभोवतीचा द्रव असू शकते. जबड्याचे हाड दोन-चार दिवस थांबू शकते. या गोष्टी थांबू शकत नाहीत.

हाड मोडले आहे हे कसे ओळखावे

चेहरा फार लवकर सुजतो, आणि सुजेवरून आत काय झाले आहे याचा अंदाज बांधता येत नाही. थोडी सूज असूनही जबडा दोन ठिकाणी मोडलेला असतो, तर कधी चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजूनही हाडे शाबूत असतात. याहून भरवशाची खूण दातांत असते. निरोगी माणसाचे वरचे व खालचे दात एका ठराविक पद्धतीनेच एकमेकांवर बसतात, आणि त्यात केसाएवढा फरक पडला तरी तो माणसाला जाणवतो. ‘दात पूर्वीसारखे बसत नाहीत’ हे रुग्णाचे वाक्य आम्ही कोणत्याही एक्स-रेइतकेच गांभीर्याने घेतो. जिभेखाली निळसर रक्त साकळणे, दोन दातांमध्ये अचानक पायरी पडणे आणि खालचा ओठ बधिर होणे या खालच्या जबड्याच्या अस्थिभंगाच्या आणखी खुणा आहेत. ओठाची संवेदना नेणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, म्हणून हाडाबरोबर तीही दुखावते.

आखाड्यातील पहिलवानाकडून हाड बसवून घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. हातापायाच्या मुरगळण्याबद्दल आम्ही येथे काही म्हणत नाही, परंतु जबड्याला मालीश किंवा ओढाताण करून घेऊ नये, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. दात असलेल्या भागात जबडा मोडला की हिरडी फाटते आणि मोडलेल्या जागेचा तोंडातील जंतूंशी थेट संबंध येतो. तेथे पुन्हा पुन्हा हालचाल झाली तर पू होतो आणि साधा उपचार लांबतो.

कोणते हाड, कोणता त्रास

चेहऱ्याच्या हाडांत नाकाचे हाड सर्वाधिक वेळा मोडते. सूज उतरल्यावर, परंतु मोठ्या माणसांत साधारण दोन आठवड्यांच्या आत, ते जागेवर बसवतात. मात्र नाकाच्या मधल्या पडद्यात रक्त साठले असेल तर ते त्याच दिवशी काढावे लागते, अन्यथा तेथील कूर्चा (मऊ, लवचीक हाड) नष्ट होऊन नाक खचते.

गालाचे हाड आत दबले की गाल सपाट दिसतो, डोळ्याखालची कातडी व वरचा ओठ बधिर होतो आणि कधी तोंड उघडेनासे होते. डोळ्याच्या खोबणीचा तळ अतिशय पातळ असतो. तो फुटल्यास एकाच्या दोन वस्तू दिसतात किंवा डोळा आत गेल्यासारखा वाटतो. अशा रुग्णाने नाक शिंकरू नये, कारण हवा कातडीखाली व डोळ्याभोवती शिरते. लहान मुलांत मात्र एक फसवा प्रकार आढळतो : डोळा बाहेरून पांढरा, स्वच्छ दिसतो, पण वर पाहताना मूल कळवळते, त्याला उलट्या होतात, नाडी मंद होते. लवचीक हाडाच्या फटीत डोळ्याचा स्नायू अडकलेला असतो, आणि तो सोडवण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

वरच्या जबड्याचे अस्थिभंग कोणत्या रेषांनी होतात हे फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांनी मृतदेहांवर प्रयोग करून १९०१ साली मांडले. तपासणीच्या कागदावर ‘ल फोर १, २ किंवा ३’ असे लिहिलेले असते ते त्यांच्याच नावाने. पहिल्या प्रकारात वरच्या जबड्याचा केवळ दात असलेला भाग सुटतो, दुसऱ्यात नाकासह मधला भाग आणि तिसऱ्यात संपूर्ण चेहरा कवटीपासून वेगळा होतो.

खालचा जबडा मात्र एका जागी मार लागून दुसरीकडेही मोडतो. हनुवटीवर पडल्यास तो जोर कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो आणि तेथील जबड्याच्या हाडाची ‘मान’ (सांध्याखालचा निमुळता भाग) एका किंवा दोन्ही बाजूंनी तुटते. त्यामुळे हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या सांध्यांचीही तपासणी व्हावी असा आमचा आग्रह असतो. अक्कलदाढ जेथे रुतलेली असते तो कोपरा आणि सुळ्याच्या लांब मुळाजवळचा भाग या जबड्याच्या इतर कमकुवत जागा आहेत. खालच्या जबड्यासाठी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला सर्वत्र ओपीजी म्हणतात, बहुधा पुरतो; मधल्या चेहऱ्यासाठी व सांध्यासाठी सीटी स्कॅन करावा लागतो.

उपचार

तुकडे जागेवर आणणे आणि हाड जुळेपर्यंत ते हलू न देणे, एवढेच उपचाराचे सूत्र आहे. ते जागेवर आले की नाही हे शस्त्रक्रियेतही दातांवरूनच ठरते : आधी वरचे व खालचे दात पूर्वीसारखे जुळवतात, आणि मग हाडाकडे वळतात. भुलीची नळी तोंडाऐवजी बहुधा नाकातून घालतात तीही याचसाठी, तोंडात नळी असताना दात मिटवता येत नाहीत.

हाड फारसे सरकलेले नसेल तर वरच्या व खालच्या दातांना धातूच्या पट्ट्या बांधून दोन्ही जबडे तारेने किंवा रबराने एकमेकांशी बांधतात. मोठ्या माणसांत हे बहुधा चार ते सहा आठवडे ठेवतात. सांध्याजवळचा अस्थिभंग असेल तर मुदत कमी असते, कारण सांधा फार काळ बांधून ठेवल्यास आखडतो. हाड सरकलेले असेल तर शस्त्रक्रिया करून टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू बसवतात. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गचे माक्सिम शांपी व त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात, चावताना जबड्यावर ताण कोठे येतो याचा अभ्यास करून या पट्ट्यांच्या नेमक्या जागा ठरवून दिल्या. त्यानुसार दोन सुळ्यांच्या मधल्या भागात दोन पट्ट्या आणि मागे सामान्यतः एक पुरते. चीर बहुतेक वेळा ओठाच्या किंवा गालाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. सांध्यासाठी मात्र बाहेरून चीर द्यावी लागते, आणि तेथून चेहऱ्याची नस जात असल्याने काही काळ भुवई किंवा ओठाची हालचाल मंदावण्याची शक्यता असते; याची कल्पना आम्ही संमतिपत्रापूर्वीच देतो.

‘पट्टी नंतर काढावी लागेल का’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सैल झाला किंवा पट्टी टोचू लागली तरच ती काढावी लागते. एरवी ती आयुष्यभर राहिली तरी चालते, आणि टायटॅनियम असल्याने एमआरआय करण्यासही सहसा अडचण येत नाही. ओठाचा बधिरपणा बहुतेकांत काही महिन्यांत कमी होतो, काहींत थोडा कायम राहतो.

घरी घ्यावयाची काळजी

जबडा बांधलेला असताना रुग्णाजवळ तार कापण्याची कात्री चोवीस तास असली पाहिजे, आणि कोणत्या तारा कापायच्या हे घरातील किमान दोघांना ठाऊक असले पाहिजे. उलटी होईलसे वाटल्यास रुग्णाने पुढे वाकावे. पोटात केवळ पातळ अन्न असल्याने ते दातांच्या फटींतून बाहेर येते, आणि तारा कापण्याची वेळ क्वचितच येते. या काळात मद्यपान पूर्ण वर्ज्य आहे.

आहार हा सर्वांत कठीण भाग आहे. सहा आठवडे पोह्यांशिवाय काढा, असे इंदूरच्या माणसाला सांगताना आम्हालाही बरे वाटत नाही. पण दुसरा मार्ग नाही. दूध, ताक, वरणाचे पाणी, मुगाचे कढण, भाताची पेज, पातळ सातू, गाळलेले सूप असे अन्न दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे घ्यावे. घरातील नेहमीचा वरण-भात-भाजीही मिक्सरमध्ये वाटून, गाळून देता येतो, आणि त्यात चमचाभर तूप घालावे, कारण वजन उतरतेच. तारा सोडल्यावर गुरगुट्या भात, मऊ खिचडी, सैलसर भुट्ट्याचा कीस, त्यानंतर पोहे, आणि शेव सर्वांत शेवटी.

प्रत्येक वेळी खाल्ल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरावी, लहान मुलांचा मऊ ब्रश वापरावा आणि लिहून दिलेले क्लोरहेक्सिडिनचे चूळ भरण्याचे औषध सकाळ-संध्याकाळ वापरावे. धूम्रपानाने जखम चिघळण्याचा धोका वाढतो. गुटखा व सुपारी यांबद्दल तर आम्ही अधिक कठोर आहोत : सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठ होऊन तोंड आधीच कमी उघडत असेल, तर शस्त्रक्रिया अवघड होते आणि नंतरचा व्यायामही. हा व्यायाम तारा निघाल्यावर सुरू होतो, आणि स्वतःची तीन बोटे दातांमध्ये उभी मावेपर्यंत तो सोडू नये.

लहान मुले आणि वृद्ध

मुलांची हाडे लवकर जुळतात आणि त्यांच्या जबड्यात पक्क्या दातांचे अंकुर असतात, म्हणून शक्यतो शस्त्रक्रिया टाळली जाते. सांध्याजवळ मार लागलेल्या मुलाला मात्र तोंड हलवत ठेवायला लावावे. सांधा आखडून कायमचा जुळला तर तोंड उघडत नाही आणि त्या बाजूच्या जबड्याची वाढही खुंटते, त्यामुळे अशा मुलांना वाढ पूर्ण होईपर्यंत अधूनमधून दाखवणे आवश्यक आहे.

दात नसलेल्या आजी-आजोबांची कवळी अपघातात फुटली तरी फेकू नये. सगळे तुकडे सोबत आणावेत. दातच नसल्यावर जबडे कोणत्या अंतरावर ठेवायचे याचे मोजमाप त्या कवळीतच असते, आणि ती जोडून आधारासाठी वापरताही येते.

खर्च व कागदपत्रे

पट्ट्या व स्क्रू किती लागतील यावर खर्च अवलंबून असतो. त्याचा अंदाज शस्त्रक्रियेपूर्वी लेखी मिळेल. रस्त्यावरील अपघाताची नोंद पोलिसांकडे होणे आवश्यक असते. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, कमाल १ लाख ५० हजार रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. सूज उतरण्यासाठी थांबल्यामुळे चेहऱ्याची शस्त्रक्रिया कधी कधी या मुदतीपलीकडे जाते. म्हणून रुग्ण कोठे दाखल करायचा हे ठरवतानाच नातेवाइकांनी मुदतीची चौकशी करावी. तपासणीला येताना सीटी स्कॅनची केवळ फिल्म नव्हे तर सीडीही आणावी, तसेच अपघातापूर्वीचे, दात दिसतील असे हसरे छायाचित्र आणावे. दात मुळात कसे बसत होते हे त्यावरून आम्हाला कळते. लग्नाच्या अल्बममधील छायाचित्रही चालते.