जुन्या स्पोर्ट्स कारला हलकं फ्लायव्हील : किती काढायचं आणि कुठून

नमस्कार मंडळी. एमजी, ट्रायम्फ, हेराल्ड घेऊन नागपूरला आमच्या हिंगणा रोडच्या वर्कशॉपला येणारे बरेच जण आल्या आल्या एकच विचारतात, भाऊ फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बसवलेलं जड चाक) किती किलोने कमी करून द्याल? कुठेतरी व्हिडिओत अर्ध्या वजनाचं बसवलेलं पाहिलेलं असते आणि तेच पाहिजे असते. गाडी उघडून हात काळे झालेले असताना प्रत्येकाला सगळं समजावून सांगणं होत नाही आणि अर्धवट सांगितलं तर नुकसान तुमचंच, म्हणून एकदा नीट लिहून काढलं. चहा येईपर्यंत वाचा, मग बोलू.

पहिले हे की फ्लायव्हील हलकं केल्याने पॉवर वाढत नाही, एक हॉर्सपॉवरही नाही. इंजिनला स्वतःचंच जड चाक फिरवण्यात जो जोर लावावा लागते तो वाचते, एवढंच. त्यामुळे अॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम झटकन चढते आणि सोडला की झटकन उतरते, गिअर पटापट पडतात, आणि खालचा गिअर टाकताना मध्ये रेस देणाऱ्याला तर खूपच मजा येते. पण तुम्ही समृद्धीवर टॉप गिअरमध्ये एका चालीने शिर्डीकडे जाऊन राहिले असाल तर तिथे काही फरक नाही, टॉप स्पीडही तोच.

आता किलोचा विषय. फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा नुसत्या वजनावर नसते, ते वजन मध्यापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावर असते. म्हणजे मध्यापासून १३ सेंटीमीटरवरून काढलेलं एक किलो हे साडेसहा सेंटीमीटरवरून काढलेल्या चार किलोच्या बरोबरीचं. समजा तुमचं फ्लायव्हील बारा किलोचं आहे आणि आम्ही घेराजवळून, १३ सेंटीमीटरवरून, तीन किलो काढले. पहिल्या गिअरचा रेशो ३.४, मागच्या डिफरन्शियलचा ३.९ आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली तर पहिल्या गिअरमध्ये गाडीतून जवळपास १०० किलो वजन उतरवल्यासारखं वाटते, म्हणजे शेजारच्या सीटवरचा भारी माणूस उतरला आणि सोबत डिक्कीतलं सामानही काढलं असं. टॉप गिअरमध्ये हेच जेमतेम साडेआठ किलो होते. आणि तेच तीन किलो मधल्या भागातून काढले असते तर पहिल्या गिअरमध्येही २५ किलोचाच फायदा, वर बोल्टजवळचा भाग कमजोर होते ते वेगळंच. म्हणून कोणी सांगितलं की आमचं फ्लायव्हील चार किलोने हलकं आहे तर लगेच विचारा, कुठून हलकं?

आम्ही काढतो ते मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडच्या बाजूने, घेराच्या आतल्या अंगाने, आणि रिंग गिअर (स्टार्टर ज्यात अडकते ती दातांची कडी) जिथे बसते तिथली जागा शाबूत ठेवून. क्रँकच्या बोल्टभोवतीच्या मधल्या जाड भागाला हात लावत नाही, क्लच प्लेट जिथे घासते तो तोंडाचा भाग पातळ करत नाही, आणि आतल्या कोपऱ्यात टूलने काटकोनी खाच ठेवत नाही, तिथे गोलाई देतो कारण तडा नेहमी खाचेतूनच सुरू होते. लेथवर बिडाची (कास्ट आयर्नची) काळी भुकटी पडत असते, आमचा टर्नर मध्येमध्ये मशीन थांबवून बोटाने ती गोलाई चाचपून पाहते, कितीही घाई असली तरी.

हे वाचून कोणाला वाटेल की एवढं काय. तर ऐका. जुनी फ्लायव्हील बहुतेक बिडाची असतात. बीड दाबाला भक्कम पण ताणाला कच्चं. ६००० आरपीएमला १४ सेंटीमीटर त्रिज्येचा घेर तासाला ३०० किलोमीटरच्या वर पळत असते, आणि आरपीएम दुप्पट झाले की बाहेर फेकणारा जोर चौपट होते. असं फ्लायव्हील फुटलं तर बेल हाऊसिंग (त्याच्यावरचं कवच) ते अडवेलच असं नाही, आणि त्याच्या शेजारीच तुमचे पाय असतात. मागे एक फ्लायव्हील आमच्याकडे फक्त बॅलन्सिंगला आलं, कोणीतरी घेराला गोल गोल भोकं पाडून हलकं केलेलं, दिसायला एकदम रेसचं. आम्ही सवयीप्रमाणे तडा तपासायला लाल डाय लावला, पुसला, वरून पांढरी पावडर फवारली, आणि दोन भोकांच्या मधून केसासारखी लाल रेघ उमटून आली. मालक तिथेच उभे होते, ते खाली बसले. त्याच गाडीतून ते घरच्यांना घेऊन रामटेकला जाऊन आले होते. बिडाला भोकं आम्ही पाडत नाही आणि कोणाला पाडूही देऊ नका.

आता नागपूरचं सांगतो कारण गाडी तुम्हाला इथेच चालवायची आहे. फ्लायव्हीलचं खरं काम हे की दोन स्फोटांच्या मधला रिकामा वेळ सांभाळून न्यायचा. त्यात साठलेली शक्तीही आरपीएमच्या वर्गावर असते, २८०० ला जेवढी असते त्याच्या सोळावा हिस्साच ७०० ला. म्हणून हलक्या फ्लायव्हीलची गाडी रस्त्यावर मस्त पळते आणि सिग्नलवर रडवते. आमच्याकडूनही एकदा चूक झाली, हेराल्डचं फ्लायव्हील काकांच्या आग्रहाखातर जरा जास्तच उतरवलं. काका तिसऱ्या दिवशी परत आले, व्हरायटी चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागे बस हॉर्न मारून राहिली होती. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, आम्ही आमच्या खर्चाने दुसरं फ्लायव्हील शोधून बसवलं. तेव्हापासून रस्त्यावरच्या गाडीला बिडाचं असेल तर आम्ही वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर जात नाही.

त्यात तुम्ही एसी लावून घेतला असेल (मे महिन्यात आपल्याकडे ४५ च्या वर पारा जाते, कोणाला दोष द्यायचा) तर अजून विचार करा, कारण आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) कॉम्प्रेसर लागला की हलकं फ्लायव्हील लगेच मान टाकते. आयडलिंग शे-दोनशे आरपीएमने वाढवावं लागते, न्यूट्रलला गिअरबॉक्समधून थोडी खडखड ऐकू येऊ शकते, ती घाबरण्यासारखी नाही पण सांगून ठेवलेलं बरं. शिवाय फ्लायव्हील क्लचची गरमी पिऊन घेते, पातळ केलं तर ती गरमी जाणार कुठे? तोंडावर निळे डाग पडतात आणि मग उचलताना गाडी थरथरते. ज्यांना हाफ क्लचवर गाडी रेंगाळत ठेवायची सवय आहे त्यांनी स्टॉक फ्लायव्हीलच ठेवावं, हे मी मनापासून सांगतो. चिखलदऱ्याच्या घाटात सकाळी सकाळी गाडी पळवायची हौस आहे, गिअर बदलायला हात चालतो, त्यांच्यासाठी हे काम आहे.

वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त पाहिजे असेल तर जुनं कापू नका, पोलादाच्या ठोकळ्यातून बनवलेलं नवीन घ्या. अॅल्युमिनियमचं अजून हलकं येते, पण त्याच्या तोंडावर पोलादाची चकती बोल्टने बसवलेली असते आणि अॅल्युमिनियम गरम झालं की पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, ते ट्रॅकसाठी ठीक, रोजच्या गाडीला आम्ही सुचवत नाही. बाहेरून मागवताना नुसतं एमजीबीचं म्हणून ऑर्डर देऊ नका. १९६२ ला एमजीबी आली तेव्हा क्रँकला तीन मेन बेअरिंग होते, १९६४ च्या शेवटी पाच झाले आणि १९६७ च्या मार्क टू मध्ये स्टार्टरही बदलला, म्हणून आधी इंजिन नंबर आम्हाला दाखवा. कस्टम भरून आलेला पार्ट बसला नाही की फार जीव जळते.

एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन आणि आपल्या जुन्या अँबॅसॅडरचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्याचं, त्यामुळे या इंजिनांवर आपल्याकडच्या मिस्त्रींचा हात बसलेला आहे, त्याची काळजी करू नका. काळजी करायची ती कार्बोरेटर आणि टायमिंगची. आत्ताच आयडलिंग वरखाली होत असेल तर आधी ते दुरुस्त करू, जड फ्लायव्हील असे आजार झाकून ठेवते आणि हलकं केलं की ते उघडे पडतात.

या कामासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागते, म्हणून क्लच बदलायची वेळ आली तेव्हाच हे करा, मजुरी एकदाच लागेल. आणताना प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते ती) सोबत आणा, आम्ही आधी फ्लायव्हील एकटं बॅलन्स करतो आणि मग प्रेशर प्लेट लावून परत, आणि दोघांवर समोरासमोर खूण मारून देतो. बसवणारा मिस्त्री दुसरा असेल तर त्याला ती खूण दाखवा, खुणेला खूण लावूनच बोल्ट कसायला सांगा.