‘टॉप पडत नाही’: जुन्या डिझेल ट्रकमधल्या ऑटोमॅटिक गिअर बॉक्सची पार्श्वभूमी

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात ‘टॉप पडत नाही’, म्हणजे सर्वांत वरचा गिअर लागत नाही, म्हटलं की मिस्त्रीचा हात आधी क्लचकडे जातो. त्याला दोष देता येत नाही. १९५४ साली टाटांनी जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बांधायला घेतले, तेव्हापासून तवंदी, आंबोली, चोर्ला हे घाट चढले ते हाताने गिअर टाकणारेच. डबल क्लच मारून, इंजिनाचा आवाज कानाने जोखून खालचा गिअर घेणं, यावर ड्रायव्हरची किंमत ठरायची. गिअर उडतो, अडकतो, खरखर करून पडतो, ही सगळी भाषा त्याच खोक्याची. ऑटोमॅटिकच्या तक्रारींसाठी वेगळी भाषा आपल्याकडे घडलीच नाही. त्यामुळे तेलाच्या दाबाने आवळून गिअर धरणाऱ्या आतल्या प्लेटा घसरत असोत, प्रेशर कमी असो की व्हॉल्व्ह अडकलेला असो, तिन्हीला एकच वाक्य: गिअर पडत नाही.

तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा या भागात ओळखीची झाली ती ट्रकमुळे नव्हे, माती उपसणाऱ्या यंत्रांमुळे. ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो तो लोडर १९७९ पासून भारतात बनू लागला. त्याच्या गिअर बॉक्सपुढे क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो इंजिनाचा जोर तेलातून पुढे नेतो. म्हणून आजही जुन्या ऑटोमॅटिक ट्रकचं दुखणं ट्रकच्या मिस्त्रीपेक्षा जेसीबीवाल्याला लवकर उमगतं. प्रेशर गेज लावायचा असतो हे त्याला ठाऊक असतं. ट्रकचा मिस्त्री नव्वद नंबरचं, म्हणजे साध्या गिअर बॉक्सचं घट्ट ऑइल ओतून मोकळा होतो आणि मग प्लेटा गेल्या म्हणून हळहळतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर बुश निघेल, शाफ्टही निघेल, पण घर्षणाच्या प्लेटा काही लेथवर निघत नाहीत.

फार मागे जायचं कारण नाही. टॉर्क कन्व्हर्टरचं पेटंट १९०५चं, तेही जहाजासाठी घेतलेलं. हायड्रामॅटिक हा अमेरिकन ऑटोमॅटिक गिअर बॉक्स १९४०च्या मोटारींवर आला आणि दुसऱ्या महायुद्धात हलक्या रणगाड्यांतही बसला. या गिअर बॉक्सच्या तेलात घर्षण नीट राहावं म्हणून बरीच वर्षं देवमाशाचं तेल मिसळत. १९७०च्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि तेलांचे फॉर्म्युले बदलावे लागले. आज डब्यावर दिसणाऱ्या निरनिराळ्या नावांच्या घोळाचं मूळ काही अंशी तिथे आहे.

खरा तिढा डिझेलचा. गिअर कधी बदलायचा आणि प्लेटा किती जोराने दाबायच्या, हे ठरवायला इंजिनावर भार किती आहे ते गिअर बॉक्सला कळावं लागतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटत आली की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे पुढच्या हवेच्या नळ्यांत, व्हॅक्यूम वाढतो, पाय दाबला की उतरतो. गिअर बॉक्सवर मॉड्युलेटरची एक डबी बसवून हीच खूण वापरत. जुन्या डिझेलला ती झडपच नाही, मग व्हॅक्यूम कुठून आणणार? दोन वाटा निघाल्या. अमेरिकेत १९८२ साली आलेल्या ६.२ लिटरच्या डिझेल पिकअपवर वेगळा व्हॅक्यूम पंप बसवला, इंजेक्शन पंपाच्या लिव्हरवर रेग्युलेटर लावला आणि पेट्रोलची नक्कल केली. दुसरी वाट केबलची: ॲक्सिलरेटरच्या लिव्हरपासून थेट गिअर बॉक्सच्या आतल्या थ्रॉटल व्हॉल्व्हपर्यंत. त्याच वर्षीच्या ७००-आर४ गिअर बॉक्समध्ये ती होती. जपानी डिझेल गाड्यांतही अशी केबल बरीच वर्षं टिकली.

थ्रॉटल व्हॉल्व्हची आद्याक्षरं टी आणि व्ही, म्हणून ती टीव्ही केबल. हे नाव ऐकून छपरावरच्या डिशकडे बघणारे लोक मी पाहिलेत, पण तो विनोद निरुपद्रवी. घात केला तो दुसऱ्या नावाने. त्याआधीच्या काही गिअर बॉक्सवरही एक केबल होती, किकडाऊनची. तिचं काम एवढंच: ओव्हरटेक करताना पाय पुरता दाबला की खालचा गिअर टाकायचा. रोजचं गिअर बदलणं मॉड्युलेटर बघायचा. ती केबल तुटली तरी गाडी वर्षानुवर्षं चालायची. नवी केबल दिसायला तशीच, तशाच जागी. लोकांनी तिलाही किकडाऊन केबल म्हटलं आणि त्याच बेफिकिरीने वागवलं. इंजिन उतरवताना सुटली तर ‘राहू दे, घाटात लागली तर बघू’. पण ही केबल दर क्षणाला तेलाचा दाब ठरवते. ती सैल पडली, आणि काही रचनांत सुटली तरी, गिअर बॉक्सला वाटतं, इंजिनावर भारच नाही. तो दाब कमी ठेवतो आणि गिअर लवकर, अगदी अलगद बदलतो. मालक खूश होतो, गाडी लोण्यासारखी चालते म्हणतो. आत प्लेटा घसरून जळत असतात.

व्हॅक्यूमवाल्या रचनेत नेमकं उलटं घडतं. पाइप फाटला, व्हॅक्यूम गेला, तर गिअर बॉक्सला वाटतं पूर्ण भार आहे. मग दाब वाढतो, गिअर उशिरा आणि झटका देऊन पडतात. त्रास होतो, पण प्लेटा वाचतात. मॉड्युलेटरच्या पाइपात गिअर बॉक्सचं लाल तेल दिसलं तर आतला पडदा फाटलाय, हे उघडून न बघताही सांगता येतं. म्हणजे ‘झटका मारते’ ही तक्रार एका गाडीत स्वस्तातल्या रबरी नळीची, आणि ‘एकदम स्मूथ झाली’ ही बातमी दुसऱ्या गाडीत धोक्याची. केबलचा निर्णय चुकीचा होता असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते रचना ठीक होती, तिला चिकटलेल्या नावाने गाड्या जाळल्या.

१९९०च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्स आलं. १९९१च्या ४एल८०-ई गिअर बॉक्समध्ये केबल गेली, दाब कंट्रोलरकडे गेला आणि वीज तुटली तर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून राहू लागली. मोठ्या ट्रकसाठी आलेल्या काही गिअर बॉक्सवर सिलेक्टरचे वरचा-खालचा बाण एकत्र दाबले की आधी तेलाची पातळी दिसते, मग दोषांचे कोड. बांधणाऱ्यांनीही तेल पहिलं धरलं होतं, हे लक्षात घ्यावं. ते तपासण्याची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी. काही अमेरिकन डिझेल पिकअपमध्ये पार्किंगला कन्व्हर्टरकडे तेलच जात नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये तेल मोजायची पट्टी बघावी लागते. पार्किंगमध्ये बघून ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणणारा फसतो.

भारतात मोटारींसाठी ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःच दोष ओळखून त्यांचे कोड साठवण्याच्या यंत्रणेची सक्ती एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. बेळगावात आज गल्लोगल्ली स्कॅनर आहे. त्यात २०१४ पासून स्वस्त मोटारींत एएमटी आली आणि ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाचे पुन्हा तुकडे झाले. एएमटी म्हणजे साधाच गिअर बॉक्स, साधीच क्लच प्लेट. पाय आणि हात तेवढे यंत्राचे. तिच्यात लाल तेलाची पट्टी शोधणं व्यर्थ. क्लच बदलल्यावर कंट्रोलरला नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर नव्या प्लेटवरही गाडी चढावर थरथरते. एएमटी नवे ट्रकही घेऊन आलेत, त्यामुळे घाटातल्या कुठल्याही ढाब्यावर ‘ऑटोमॅटिक’ म्हटल्यावर समोरच्याच्या डोक्यात नेमकं काय येतं, हे आधी विचारून घ्यावं.

सर्वांत फसवा काळ मधला, अर्ध्या-अर्ध्या गाड्यांचा. १९९६च्या ४७आरई या अमेरिकन पिकअपच्या गिअर बॉक्सचं उदाहरण घ्या. गव्हर्नरचं, म्हणजे गाडीचा वेग बघून दाब देण्याचं काम इलेक्ट्रॉनिक झालं, पण थ्रॉटल व्हॉल्व्हची केबल तशीच राहिली. महामार्गावर एकसारख्या वेगात कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जखडणारं लॉकअप धरतं-सोडतं, गाडी हलके हिसके देते. अशा तक्रारीत कित्येकदा अल्टरनेटरच्या बिघडलेल्या डायोडमुळे सेन्सरच्या तारेत आलेला गोंधळ सापडतो, गिअर बॉक्स निर्दोष असतो. दुसऱ्या बाजूला केबल सैल असली तरी स्कॅनर गप्प, कारण तिच्यावर सेन्सर नाही. हाताशी असलेले व्हिडिओ बहुतेक अशाच अमेरिकन पिकअपचे. ते पाहून इथल्या जुन्या गाडीत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, बदलले जातात आणि दुखणं तसंच राहतं. अशा गाडीत क्रम जुनाच धरावा लागतो. गरम तेलाची पातळी, रंग आणि वास. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून केबल किती सरकते ते. मग टॅपिंगवर, म्हणजे दाब मोजायच्या भोकावर, गेज लावून दाब. स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक दाबून गिअरमध्ये इंजिन पूर्ण रेस करणं, करायचीच तर पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि समोर माणूस उभा नसताना. पॅन उघडल्यावर तळाशी बारीक राखाडी गाळ असेल तर तो रोजच्या झिजेचा. काळे तुकडे आणि जळका वास असेल तर केबल बसवून उपयोग नाही, खोकं उतरवावंच लागतं.